शनिवार तेल्यांचे सण



उन्हाळा लागला की आपल्याकडे घरोघरी कुरडयांची गडबड असते. गहू भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा. चीक शिजायला लागला की पोरं वाट्या घेऊन चुलीपाशी येऊन बसतात. हाच गव्हाचा चीक नारळाच्या दुधात आणि साखरेत घोटून त्याच्या वड्या पाडणाऱ्या बायका आपल्याच महाराष्ट्रात आहेत. अलिबागच्या बाजूला, ठाण्यात, मुंबईत. त्या मराठी बोलतात, लग्नात मंगळसूत्र घालतात. चिकाचा हलवा हा त्यांच्या नवीन वर्षाचा पदार्थ, आणि हे नवीन वर्ष पाडव्याला येत नाही, ते भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास येतं. या बायका ज्यू आहेत, म्हणजे यहुदी. आपल्या समाजाला त्या बेने इस्रायल म्हणतात. त्याचा अर्थ इस्रायलची लेकरं.

नारळाचं दूध का, तर त्यांच्या धर्मात मटण आणि गाई-म्हशीचं दूध एका जेवणात चालत नाही. सणाला मटण तर हवं, मागून गोडही हवं. कोकणात नारळ दारात. बाईने वाट काढली ती अशी.

आज मी त्यांच्या सणांबद्दल बोलणार आहे.

हे लोक कोकणात कधी आले याची लेखी नोंद नाही. ते स्वतः सांगतात ती गोष्ट अशी, की दोन हजार वर्षांपूर्वी त्यांच्या पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांना नवगावलाच पुरलं, ती जागा आजही दाखवतात. सामान बुडालं, धर्मपुस्तकंही गेली. वाचलेली माणसं गावोगाव पसरली आणि तेलाचे घाणे चालवू लागली. ज्या गावात राहिली त्या गावाचं आडनाव लागलं. किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर. शनिवारी त्यांचा घाणा बंद असायचा, कारण तो त्यांचा विसाव्याचा पवित्र दिवस. म्हणून गावाने त्यांना नाव दिलं शनिवार तेली.

आता विचार करा. पुस्तक नाही, मंदिर नाही, धर्म सांगणारा कुणी नाही. हिब्रू ही त्यांची जुनी भाषा, तीही विसरली. ‘देव एकच आहे’ असं सांगणारी शेमा नावाची एक प्रार्थना तेवढी तोंडात राहिली. असं शेकडो वर्षं चाललं. तरी सण टिकले. ते कुठे टिकले हे त्यांच्या जुन्या नावांवरूनच कळतं.

ज्यूंचा वर्षातला सगळ्यात मोठा उपास आहे योम किप्पूर, पापांची क्षमा मागण्याचा दिवस. बेने इस्रायलांना हे नाव ठाऊक नव्हतं. त्यांच्याकडे तो होता दारफाळणीचा सण. आदल्या दिवशी संध्याकाळी आंघोळ करून पांढरे कपडे घालायचे, दार लावायचं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत अन्नपाण्याशिवाय घरात बसायचं. उपासानंतरचा दिवस शिळा सण. त्या दिवशी गोरगरिबांना दान द्यायचं. पितर दारफाळणीला घरी येतात आणि शिळ्या सणाला परत जातात असं मानायचे. आपला पितृपक्षही त्याच सुमाराचा, तेव्हा शेजाऱ्यांना यात परकं काही वाटलं नसणार.

पासोव्हर हा त्यांचा दुसरा मोठा सण. मिसर देशातल्या गुलामीतून पूर्वज सुटले त्याची आठवण. तेव्हा आठ दिवस आंबवलेलं काही खायचं नसतं. कोकणातल्या घरांत तोंडीलावण्यासाठी एका मडक्यात आंबट पाणी साठवलेलं असायचं. या दिवसांत ते मडकं झाकून ठेवायचे, आणि सणाचं नावच पडलं अनाशी ढाकाचा सण. मिसर कुणाच्या ध्यानात राहिला होता का, सांगता येत नाही. मडकं झाकायचं एवढं मात्र आईने लेकीला सांगितलं, लेकीने तिच्या लेकीला.

त्यांचं देवालय पाडलं गेलं त्या दुःखाच्या उपासाला ते बिरड्याचा रोजा म्हणत, कारण त्याच्याशी वालाचं बिरडं जोडलेलं. आपल्याकडे जशी मठाची उसळ, तसं कोकणात वालाचं बिरडं. एस्तेर राणीने आपल्या लोकांना कत्तलीतून वाचवलं तो पुरीमचा सण. तो फाल्गुनात पडायचा, म्हणून झाला होळीचा सण. नवीन वर्षानंतर चार दिवसांनी खिरीचा सण असायचा. खीर करून ऊद जाळायचा, शेमा म्हणायची आणि मग खायची. आता ही नावं पुन्हा मनात म्हणून बघा. दार, शिळं, मडकं, बिरडं, खीर. ही नावं ठेवणारी कोण असेल हे मी सांगायला नको.

त्यांच्यात आणखी एक गोष्ट सांगतात. डेव्हिड रहाबी नावाचा एक ज्यू बाहेरून कोकणात आला. कुणी म्हणतं हजार वर्षांपूर्वी. बरेच अभ्यासक त्याला अठराव्या शतकातला मानतात. हे लोक खरंच ज्यू आहेत का, हे त्याला बघायचं होतं. त्याने बायकांपुढे तऱ्हेतऱ्हेचे मासे टाकले आणि रांधायला सांगितले. त्यांनी खवले आणि पर असलेले मासे घेतले, बाकीचे बाजूला सारले. ज्यूंच्या धर्मग्रंथात हाच नियम आहे. रहाबीची खात्री पटली. पुढे त्याने काही पुरुषांना धर्म शिकवून काजी नेमलं. परीक्षा दिली बायकांनी आणि काजी झाले पुरुष. असो.

पुढे पुस्तकं आली. 1796 मध्ये सॅम्युअल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत बेने इस्रायलांचं पहिलं प्रार्थनालय बांधलं. 1826 नंतर कोचीनहून ज्यू शिक्षक आले. अलिबाग, पनवेल, पेण इथे प्रार्थनालयं उभी राहिली. 1874 मध्ये पुण्यात पासोव्हरची पोथी हिब्रू आणि मराठीत छापली. तिच्या चित्रांत बायका लुगडी नेसून सणाची बिनआंबवलेली भाकरी करताना दिसतात. 1880 च्या सुमारास अब्राहामाच्या चरित्रावर मराठीत कीर्तनंही होऊ लागली.

शिक्षकांनी खरी नावं आणि खऱ्या रीती सांगितल्या. खिरीचा सण ग्रंथात नव्हता, तो मागे पडला. मडक्याचं नाव गेलं, पासोव्हर आलं. हे वाईट झालं असं मी म्हणणार नाही. आपला धर्म नीट कळावा असं कुणालाही वाटेल. पण जुन्या सणांची नावं आज आपल्याला कळतात ती हाईम केहीमकर नावाच्या त्यांच्याच एका शिक्षकाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लिहून ठेवली म्हणून. नाहीतर तीही गेली असती.

1948 मध्ये इस्रायल देश झाला आणि हजारो बेने इस्रायल तिकडे गेले. तिथे 1962 च्या सुमारास लग्नाच्या वेळी त्यांची वंशावळ तपासा असा तिथल्या धर्मगुरूंचा हुकूम निघाला. ज्यांच्या आज्यांनी बिनपुस्तकाचा धर्म सांभाळला, त्यांना विचारलं जात होतं, तुम्ही खरे ज्यू का? 1964 मध्ये त्यांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं. शेवटी तिथल्या संसदेने ते पूर्ण ज्यू आहेत असं जाहीर केलं. इकडे महाराष्ट्रात आता थोडेच उरलेत, 2011 च्या जनगणनेत अडीच हजारांच्या आसपास. 2016 मध्ये राज्य सरकारने त्यांना अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली.

एक गोष्ट मात्र कुणी पुसू शकलं नाही, ती म्हणजे मलिदा. आपल्याकडचा मलिदा चपाती कुस्करून गूळ-तूप घालून करतात. त्यांचा पोह्यांचा असतो. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सुकामेवा, भोवती फळं, वर गुलाबाचं फूल. लग्न ठरलं, मूल झालं, आजारी माणूस उठून बसलं की एलियाहू हनाबी या पैगंबराच्या नावाने हे ताट मांडतात. अलिबागजवळ खंडाळ्याला त्याच्या रथाची खूण म्हणून एक खडक दाखवतात. तिथे बेने इस्रायल अजून जातात, इस्रायलहून आलेलेही. पोहे घरून भिजवून नेतात आणि खोबरं तिथे बसून खवतात.