पाच खोक्यांतलं जंगल

जगात फुलं येणाऱ्या वनस्पतींच्या तीन लाखांहून जास्त प्रजाती आहेत. हवामानबदलाचं एक गाजलेलं भाकीत २००० साली ज्या कॉम्प्युटर मॉडेलनं केलं, त्यात सगळ्या वनस्पतींचे मिळून प्रकार होते पाच. रुंद पानांची झाडं, सुईसारख्या पानांची झाडं, झुडपं आणि दोन तऱ्हेची गवतं. बस्स.

ते मॉडेल होतं पीटर कॉक्स आणि ब्रिटनच्या हॅडली सेंटरमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांचं. ‘नेचर’मध्ये आलेला त्यांचा निष्कर्ष असा: जंगलं आणि माती आज हवेतला कार्बन शोषून घेतात, पण साधारण २०५० नंतर तीच कार्बन सोडायला लागतील, आणि ॲमेझॉनच्या जंगलाचा मोठा भाग मरून जाईल.

मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. पाच पर्यायांचा ड्रॉपडाऊन बघून मला धक्का बसत नाही, आम्ही रोज तेच करतो. कुतूहल वाटलं ते या खोक्यांचं. ती आली कुठून? शोधत गेलो तर दोनशे वर्षं मागे जावं लागलं.

१८०२ साली अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट आजच्या इक्वेडोरमधल्या चिंबोराझो पर्वतावर चढत होता. शिखर गाठता आलं नाही, पण कुठल्या उंचीवर कोणती वनस्पती दिसते याच्या नोंदी त्याच्याकडे होत्या. त्यातून त्यानं पर्वताचा उभा छेद दाखवणारं चित्र केलं, ते १८०७ साली छापलं गेलं. त्याच सुमारास त्यानं वनस्पतींची आणखी एक वाटणी मांडली, त्यांच्या रूपावरून. ताडासारख्या, केळीसारख्या, निवडुंगासारख्या. कोण कोणाच्या कुळातलं, हा मुद्दा इथं बाजूला ठेवला होता. हवा सारखी असेल तर दूरदूरच्या देशांतली, नात्यानं लांबची झाडंही सारखी दिसतात, हे त्याच्या लक्षात आलं होतं.

पण ती तशी का दिसतात? हा प्रश्न अँड्रियास शिम्पर या जर्मन शास्त्रज्ञानं धरून ठेवला. १८९८ सालच्या त्याच्या ग्रंथात झाडाचं रूप म्हणजे पाणी मिळवण्याची आणि राखण्याची युक्ती असते, असा विचार आहे. ‘वर्षावन’ या शब्दाचं मूळ त्याच्याच लिखाणात आहे, आणि मोसमी जंगलाला वेगळं स्थान देणाराही तोच. सह्याद्रीत फिरलेल्याला हे लगेच पटेल. महाबळेश्वरची अंजनी बारा महिने हिरवी असते, तर साग कोरड्या दिवसांत पानं टाकून मोकळा होतो.

मग आला डेन्मार्कचा क्रिस्टेन राउंकिएर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यानं एकच साधा प्रश्न विचारला: वाईट ऋतूत ही वनस्पती आपला कोंब कुठं लपवते? आंबा तो उंच फांदीवर ठेवतो. रानहळद जमिनीखाली गड्ड्यात ठेवते. तेरडा तर स्वतः मरून जातो आणि पुढचा पावसाळा बीजाच्या रूपानं गाठतो. एखाद्या प्रदेशात या प्रत्येक प्रकाराचं प्रमाण किती, एवढं मोजलं की तिथल्या हवेचा अंदाज येतो. वाळवंटात तेरड्याच्या पंथाच्या वनस्पती जास्त. इथं पहिल्यांदा वनस्पतीचा गुण हा आकडा झाला.

कॉम्प्युटर आले तेव्हा हे सगळं शहाणपण त्यांच्यात भरायचं होतं. जुन्या मशीनची ताकद तुटपुंजी, त्यामुळे प्रजाती जाऊन ‘प्रकार’ आले आणि प्रत्येक प्रकाराला गुणांचा एकच ठरावीक संच मिळाला. ॲमेझॉनमधलं खोल मुळांचं झाड, उथळ मुळांचं झाड, टणक लाकडाचं, हलक्या लाकडाचं, सगळी मिळून एक ‘रुंद पानांचं झाड’. दुष्काळ पडला की ते एकतर जगणार किंवा मरणार. मधलं काही उरतच नाही.

खोकी मोडायला सुरुवात झाली ती पानांपासून. २००४ साली इयन राइट आणि सहकाऱ्यांनी १७५ ठिकाणच्या २,५४८ प्रजातींची पानं एकत्र मांडली. त्यातून दिसलं की जगभरची पानं एकाच पट्टीवर बसतात. एका टोकाला स्वस्त, पातळ पान: भरभर कमावणारं आणि लवकर गळणारं, पावसाळी चपलेसारखं. दुसऱ्या टोकाला जाड, महागडं पान: हळू कमावणारं, पण वर्षानुवर्षं टिकणारं. २००७ पासून जर्मनीतल्या येना इथल्या माक्स प्लांक संस्थेत ‘ट्राय’ नावाच्या डेटाबेसमध्ये जगभरातल्या संशोधकांची अशी मोजमापं गोळा होऊ लागली.

त्यानंतर २०१६ साली बोरिस साकशेव्स्की आणि सहकाऱ्यांनी ॲमेझॉनचं मॉडेल वेगळ्या तऱ्हेनं चालवलं. प्रत्येक झाडाला त्याचे स्वतःचे गुण दिले. तापमान वाढल्यावर जंगल खचलं, बरंच खचलं. पण नंतर वेगळ्या गुणांच्या झाडांनी जागा भरत नेली आणि काही शतकांत जंगलाचा मोठा भाग सावरला. पाच खोक्यांच्या मॉडेलला ही वाट दिसणं शक्यच नव्हतं, कारण ती वाट चालणारी झाडंच त्यात नव्हती.

यात निर्धास्त होण्यासारखं काही नाही. ‘काही शतकं’ म्हणजे माणसांच्या कित्येक पिढ्या, आणि जंगल सावरायचं तर ती निरनिराळी झाडं तोडली न जाता तिथं शिल्लक हवीत. शिवाय गुण हवेच्या वेगानं बदलतीलच असंही नाही. २०१८ साली अ‍ॅन ब्यॉर्कमन आणि सहकाऱ्यांनी टुंड्रा प्रदेशातल्या ११७ ठिकाणांच्या तीस वर्षांच्या नोंदी तपासल्या. झाडोऱ्याची उंची वाढली होती, पण बाकीचे गुण तापमानवाढीच्या मागे रेंगाळत होते.

हा इतिहास वाचल्यापासून वृक्षारोपणाच्या बातम्या मी वेगळ्या वाचतो. बातमीत आकडा असतो, इतकी लाख झाडं, इतकी कोटी झाडं. कोणती, हे क्वचित असतं. डोंगरभर एकाच जातीची लागवड करणं म्हणजे २००० सालचं मॉडेल जमिनीवर उतरवणं. कॉम्प्युटरमधलं खोकं शास्त्रज्ञांनी सोळा वर्षांत मोडलं. डोंगरावर लावलेलं खोकं पुढचा मोठा दुष्काळ तपासून बघेल.