जनऔषधी केंद्र
जनऔषधी केंद्र हे ‘प्रधानमंत्री भारतीय जनऔषधी परियोजना’ या केंद्र सरकारच्या योजनेखाली चालणारे किरकोळ औषधविक्रीचे दुकान होय. येथे जेनेरिक, म्हणजे व्यापारी नावाऐवजी मूळ औषधी घटकाच्या नावाने ओळखली जाणारी औषधे विकली जातात. नाव, पुरवठा व किमती एका संस्थेच्या हाती आणि दुकान चालवणारी व्यक्ती वेगळी, अशी रचना असल्यामुळे या केंद्रांची तुलना खासगी औषध दुकानांच्या फ्रँचायझीशी करता येते.

इतिहास
योजनेचा आरंभ नोव्हेंबर २००८ मध्ये अमृतसर येथे झाला. सध्याचे नाव २०१६ मध्ये देण्यात आले. औषधनिर्माण विभागाच्या अखत्यारीतील ‘फार्मास्युटिकल्स अँड मेडिकल डिव्हायसेस ब्युरो ऑफ इंडिया’ ही संस्था योजनेची अंमलबजावणी करते. दहा हजाराव्या केंद्राचे उद्घाटन ३० नोव्हेंबर २०२३ रोजी झाले. व्यक्ती व सेवाभावी संस्थांबरोबरच २०२३ पासून प्राथमिक कृषी पतसंस्थांना, म्हणजे गावोगावच्या विकास सोसायट्यांनाही, केंद्र चालवण्याची मुभा आहे.

प्रवेशाचा खर्च
अर्जाचे शुल्क ५,००० रुपये असून ते परत मिळत नाही. महिला, दिव्यांग, अनुसूचित जाती-जमातींचे अर्जदार इत्यादींना त्यातून सूट आहे. किमान १२० चौरस फूट जागा आणि नोंदणीकृत औषधनिर्माता (फार्मासिस्ट) आवश्यक असतो. जागेचे भाडे, फार्मासिस्टचे वेतन, शीतकपाट आणि औषधांचा पहिला साठा यांचा खर्च केंद्रचालकच करतो. त्यामुळे अर्जाचे शुल्क हा एकूण खर्चाचा अगदी लहान भाग ठरतो.

खासगी फ्रँचायझीत सामान्यतः नाव वापरण्याचे एकरकमी शुल्क, ठरावीक सजावटीचा खर्च आणि अनेकदा विक्रीवर स्वामित्वशुल्क (रॉयल्टी) द्यावे लागते. भारतात फ्रँचायझीसाठी स्वतंत्र कायदा नाही. उभय पक्षांचे संबंध मुख्यतः भारतीय करार कायदा, १८७२ आणि व्यापारचिन्ह कायदा, १९९९ यांखाली येतात. म्हणून करारातील अटींना विशेष महत्त्व असते.

साहाय्य व नफा
केंद्रचालकाला छापील किमतीवर (कर वगळून) २० टक्के नफा मिळतो. मात्र औषध स्वस्त असल्याने रुपयांत हा नफा कमी भरतो : १०० रुपयांच्या पाकिटावर २० रुपये, तर त्याच घटकाच्या २५ रुपयांच्या पाकिटावर केवळ ५ रुपये. ही तूट भरून काढण्यासाठी मासिक खरेदीच्या २० टक्के, कमाल २०,००० रुपये, प्रोत्साहन रक्कम दिली जाते. पूर्वी ही मर्यादा १५ टक्के व १५,००० रुपये होती. म्हणजे १ लाख रुपयांच्या मासिक खरेदीला कमाल रक्कम मिळते आणि त्यापुढे ती वाढत नाही. ठरावीक औषधांचा साठा सतत ठेवणे ही तिची अट आहे. महिला, दिव्यांग, अनुसूचित जाती-जमाती, माजी सैनिक यांना फर्निचरसाठी १.५ लाख आणि संगणक इत्यादींसाठी ५०,००० रुपयांपर्यंत एकवेळ प्रतिपूर्ती मिळते.

लहान शहरांतील स्थिती
सातारा जिल्ह्यातील फलटण (२०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे ५२ हजार) यांसारख्या तालुक्याच्या शहरात केंद्र उघडण्यासाठीही राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. औषध नियम, १९४५ नुसार किरकोळ दुकानाला किमान १० चौरस मीटर जागा हवी. योजनेची १२० चौरस फुटांची (सुमारे ११ चौरस मीटर) अट त्याहून थोडी अधिक आहे. आकांक्षी जिल्ह्यांना असलेली विशेष सवलत मात्र येथे लागू होत नाही, कारण महाराष्ट्रातील गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव व वाशिम हेच जिल्हे त्या यादीत आहेत.

मागणीची हमी योजना देत नाही. औषध नियमांतील ६५(११-अ) या तरतुदीनुसार, अनुसूची ‘एच’ व ‘एक्स’ मधील घटक असलेल्या चिठ्ठीवर लिहिलेल्या औषधाऐवजी दुसरे औषध, घटक तोच असला तरी, विक्रेत्याला देता येत नाही. डॉक्टरांनी केवळ व्यापारी नाव लिहिले, तर स्वस्त पर्याय दुकानात असूनही रुग्णापर्यंत पोहोचत नाही. मधुमेह, उच्च रक्तदाब यांसारख्या विकारांत औषधे वर्षानुवर्षे घ्यावी लागतात. तेथे या फरकाचा भार रुग्णाच्या घरखर्चावर पडतो. त्यामुळे केंद्राची विक्री, तिच्याशी बांधलेली प्रोत्साहन रक्कम आणि अखेर केंद्राचे टिकणे हे सरकारी साहाय्याइतकेच परिसरातील डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवरही अवलंबून असते.