जारवांच्या अरण्यांतील रस्ता

अंदमान म्हटलें कीं महाराष्ट्राच्या डोळ्यांपुढें उभा राहतो तो सेल्युलर तुरुंग. परंतु त्या तुरुंगाची पहिली वीट बसण्याच्या कितीतरी आधींपासून त्याच बेटांवर जारवा नांवाचे लोक शिकार, मासेमारी व कंदमुळें यांवर राहात आले आहेत. इंग्रजी अमदानींत त्यांच्यापासून वसाहतींचें रक्षण करण्यास निराळे पोलीस नेमलेले होते. परस्परांचा स्नेह किती होता हें त्यावरूनच दिसतें. स्वातंत्र्यानंतर १९५७ सालीं त्यांचें अरण्य राखीव ठरविण्यांत आलें.

मग त्याच अरण्यांतून रस्ता निघाला. पूर्व बंगालच्या निर्वासितांच्या वसाहती मध्य व उत्तर अंदमानांत वाढल्या होत्या आणि त्यांना पोर्ट ब्लेअरशीं जोडणारा मार्ग हवा होता, ही गरज खोटी नव्हती. मात्र जारवांना विचारून कांहीं तो रस्ता काढलेला नव्हता. १९७० नंतरच्या वर्षांत काम करणाऱ्या मजुरांवर बाण येत, तें त्यांचें उत्तर होतें.

१९९७-९८ च्या सुमारास जारवा आपण होऊन बाहेर येऊं लागले आणि बाणांची जागा पसरलेल्या हातांनीं घेतली. मोटारींतून केळीं, बिस्किटें, तंबाखू फेंकली जाई. तीं घेण्यास मुलें चालत्या वाहनांजवळ धांवत. १९९९ सालीं गोंवराची सांथ त्यांच्यांत शिरली. २००१ च्या शिरगणतींत ज्यांची संख्या अवघी २४० भरली, त्यांच्यांतील एक मूल चाकाखालीं जाणें किंवा तापानें दगावणें म्हणजे काय, याचा हिशेब मोठ्या शहरांतील अपघातांच्या आंकड्यांनीं करतां येत नाहीं.

मे २००२ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें राखीव अरण्यांतील रस्त्याचा भाग बंद करण्याचा आदेश दिला. रस्ता बंद झाला नाहीं! त्याऐवजीं नियम आले: जिरकाटांगच्या फाटकावर वाहनांनीं थांबावें, पोलिसांच्या सोबतीनें तांडा करून निघावें, ताशीं ४० किलोमीटरपेक्षां वेग नसावा, वाटेंत थांबूं नये, छायाचित्रें घेऊं नयेत. नियम चांगलेच होते. पण जानेवारी २०१२ मध्यें अन्नाच्या आमिषानें जारवा मुलींना नाचावयास लावल्याचें चलच्चित्र जगापुढें आलें, तेव्हां ते कितपत पाळले जात होते तें उघड झालें.

२०१७ सालीं बाराटांगकडे जाण्यास समुद्रमार्ग सुरू झाला. तरीहि जिरकाटांगचें फाटक ठरलेल्या वेळीं उघडतें आणि वाहनांचा तांडा अरण्यांत शिरतो.