उंदीर पडला की घर सोडावे

घरात उंदीर पडला की भांडीकुंडी उचलून गावाबाहेरच्या माळावर झोपडी घालावी, हा प्लेगच्या काळातला रिवाज उज्जैनच्या माधव नगरात, म्हणजे एके काळच्या ग्वाल्हेर दरबारच्या अमलात, स्थायिक झालेल्या आम्हां मराठी मंडळींना देशावरून आलेला वाटतो. परंतु त्याचे कूळ शोधू गेल्यास ते बरेच मागे आणि उत्तरेकडे जाते. जहांगीर बादशहाने आपल्या आत्मवृत्तात, १६१८-१९च्या सुमारास आग्र्यात पसरलेल्या साथीविषयी लिहिताना, आसफखानाच्या कन्येने सांगितलेली हकीकत नमूद केली आहे. अंगणात एक उंदीर झिंगल्यासारखा पडत-उठत निघाला. दासीने तो शेपटीला धरून मांजरीपुढे टाकला. मांजरीने झडप घातली खरी, पण तत्क्षणी किळसून तोंडातून सोडला. दुसऱ्या दिवशी मांजर मरणोन्मुख झाली, तिची जीभ काळी पडली; ती कशीबशी वाचली, दासी मात्र गाठ येऊन दगावली. गढवालातील डोंगरी लोक तर एकोणिसाव्या शतकात, उंदीर मरू लागताच अख्खे गाव ओस पाडीत.

१८९६च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, तेव्हा त्याचा जंतू हाँगकाँगमध्ये सापडून दोन वर्षे झाली होती. तरीही सरकारी बंदोबस्ताचा सारा भर घरझडत्या, भिंतींची धुलाई आणि माणसांना सक्तीने छावणीत नेणे यांवर राहिला. पुण्यात त्याचे पर्यवसान प्लेग अधिकाऱ्याच्या हत्येत झाले, ते सर्वश्रुत आहे. उंदरापासून माणसापर्यंतची वाट पिसवेची, हे सिमाँ या फ्रेंच वैद्याने १८९८ साली कराचीत प्रयोगाने दाखविले, तेही विद्वानांस पटेना. परळच्या प्रयोगशाळेत १९०५नंतर प्लेग आयोगाने त्याची खातरजमा केली तेव्हा कोठे ते मान्य झाले. उंदराचे प्रेत थंड पडू लागले की पिसवा त्यास सोडून ऊन रक्ताच्या शोधात निघतात, आणि उंदीर संपलेल्या घरात तसे रक्त माणसाचेच उरते. म्हणून घर सोडणाऱ्या अडाण्याची युक्ती, माझ्या मते, झडती घेणाऱ्या शिपायाच्या हुकुमापेक्षा सरस होती. मात्र घर सोडताना तो वळकटी आणि धान्याची पोती बरोबर नेई, आणि त्यांतून पिसवाही माळावर पोहोचत.