विहिरीवरचे झाकण

पाण्याचा इतिहास लिहायला बसलेला माणूस बहुधा धरणाच्या भिंतीवर जाऊन उभा राहतो. भिंतीची उंची किती, साठा किती, उद्घाटन कोणत्या लाटसाहेबांच्या हस्ते झाले, याची तो नोंद करतो. हे सारे आवश्यकच आहे. पण माझे मन त्या थोरामोठ्यांच्या गर्दीत रमत नाही. मला कुतूहल आहे ते एका क्षुल्लक वस्तूचे, विहिरीवरच्या झाकणाचे. फळ्यांचे, पत्र्याचे, नाहीतर तारेच्या जाळीचे हे झाकण. पण त्याच्यापायी मुंबई शहरात एके काळी असा वाद माजला की त्यात डॉक्टर, दस्तुर, भटजी, घरमालक, नगरपिते आणि भुतेखेते अशा सर्वांची साक्ष निघाली. दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नानाचे ऊन पाणी अंगावर घेताना ते आले कुठून, हे आपण सहसा विचारत नाही. तेव्हा वाचकहो, फराळाचे ताट बाजूला न सारताच ही हकीकत ऐका.

समुद्राने वेढलेल्या गावाला गोड्या पाण्याची किंमत जितकी कळते, तितकी नदीकाठच्या गावाला कळत नाही. नळ येण्यापूर्वी मुंबईकरांची सारी भिस्त विहिरींवर आणि तळ्यांवर होती. सधन गृहस्थाने विहीर खणावी, तळे बांधावे आणि पुण्य व नाव दोन्ही पदरात घ्यावे, असा त्या काळचा रिवाज. भिकाजी बेहराम या पारशी गृहस्थांनी १७२५ साली खणलेली विहीर आज चर्चगेटजवळ भर रहदारीत उभी आहे. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही तिला गोडे पाणी लागले, म्हणून पारशी समाजाने तिला देवस्थानाचा मान दिला. १८३१ साली फ्रामजी कावसजी यांनी बराच पैसा खर्च करून धोबीतलावाचा जीर्णोद्धार केला. आता त्या जागी तलाव नाही आणि धोबीही नाहीत. सी. पी. टँक, गोवालिया टँक यांचीही तीच गत. तळी बुजली आणि नावे मात्र पाट्यांवर उरली.

पुढे शहर वाढले, गिरण्या आल्या आणि उन्हाळ्यात विहिरींचे तळ दिसू लागले. तेव्हा साष्टीतल्या विहार तलावाचे पाणी १८६० साली नळाने मुंबईत आले. त्यामागून १८७९ साली तुळशी आणि १८९२ साली तानसा. पाणी दारात आल्यावर विहिरींचे काम संपले, असे इंजिनियरांना वाटले असावे. मुंबईकराला तसे वाटले नाही. नळाला वेळ असते, विहिरीला नसते. नळाचे पाणी सरकारचे, विहीर आजोबांची. शिवाय देवपूजेला विहिरीचेच पाणी हवे, असे म्हणणारी सोवळ्याची घरे होतीच. त्यामुळे नळ आले तरी विहिरी राहिल्या. पोहरे मात्र पूर्वीसारखे दिवसभर वरखाली होईनासे झाले. आणि नेमकी हीच गोष्ट एका चिमुकल्या जिवाच्या पथ्यावर पडली.

हिवताप दूषित हवेने येतो, ही समजूत फार जुनी. १८८० साली लाव्हेराँ या फ्रेंच डॉक्टराला रोग्याच्या रक्तात हिवतापाचे जंतू दिसले आणि १८९७ साली सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात ते सापडले. पण डास म्हणजे सारेच डास नव्हेत. मुंबईत हा उद्योग करणारा डास शास्त्रज्ञांच्या भाषेत ॲनॉफेलिस स्टीफेन्सी. याची आवड मोठी नामी आहे. गटाराच्या घाण पाण्याकडे तो सहसा ढुंकून पाहत नाही. त्याला हवे स्वच्छ, संथ, सावलीतले पाणी. म्हणजे नेमके तेच, जे आपण पिण्यासाठी राखतो. त्याची मादी अशा पाण्यावर अंडी घालते आणि आठ-दहा दिवसांत नवे डास पंख झटकून बाहेर पडतात. ज्या विहिरीचे पाणी निर्मळ म्हणून घरधनी अभिमानाने पाहुण्याला पाजत होता, तीच त्याच्या मुलाबाळांना थंडी वाजवीत होती.

मुंबईच्या हिवतापाचा तपास डॉ. चार्ल्स बेंटली यांच्याकडे सोपवण्यात आला आणि १९११ साली त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. विहिरी, टाकी, हौद आणि बागेतली कारंजी हीच डासांची माहेरघरे आहेत. ती बुजवा, नाहीतर डास शिरणार नाही अशी झाका, असा त्याचा मथितार्थ. रोग आला की औषध देणे हे सोपे काम. येथे घराघरांतल्या खाजगी विहिरीला हात घालायचा होता. महानगरपालिकेच्या हाती १८८८ चा कायदा होताच. त्याच्या आधाराने मालकांना नोटिसा गेल्या. पुढे त्या कायद्यात असेही कलम दिसते की, कमिशनरच्या लेखी परवानगीवाचून नवी विहीर, तळे, टाके, इतकेच काय कारंजेसुद्धा बांधू नये.

मग काय विचारता! नोटिशीचा कागद आला आणि शहरात वादळ उठले. पारशी धर्मात जलाला मोठे स्थान आहे. अग्यारीच्या आवारात विहीर असते, धर्मविधींना तिचे पाणी लागते आणि आवां महिन्यातल्या आवां रोजाला भाविक पाण्यापाशी जाऊन प्रार्थना करतात. अशी विहीर बुजवणे म्हणजे देवळाचा गाभाराच बुजवणे. हिंदूंचे म्हणणे याहून फार वेगळे नव्हते. आपल्याकडे पाण्याच्या जागी साती आसरांचा वास मानतात. त्यांना खणानारळाने संतुष्ट ठेवायचे. त्यांच्या डोक्यावर दगडमाती लोटून घरात सुख कसे राहील? कोणाच्या विहिरीत पीर होता, कोणाच्या विहिरीत पूर्वज. बुजवणारा मजूर दगावेल आणि सही करणारा साहेबही सुटणार नाही, अशी भीती घालणारेही निघाले.

या साऱ्या समजुती गोळा करणारा एक मोठा रसिक माणूस पालिकेच्या कचेरीतच बसला होता, हे आपले भाग्य. ते रुस्तम पेस्तनजी मसानी. पालिकेचे सेक्रेटरी म्हणून विहिरींचा हा तंटा त्यांच्या डोळ्यांसमोर चालला होता. दुसरा एखादा अधिकारी असता तर ‘अडाणी लोक’ असा शेरा मारून मोकळा झाला असता. मसानींनी लोकांचे म्हणणे ऐकले, देशोदेशींच्या जलपूजेशी ताडून पाहिले आणि १९१८ साली ‘फोकलोअर ऑफ वेल्स’ नावाचा इंग्रजी ग्रंथच प्रसिद्ध केला. विहिरीत देव पाहणारा माणूस इंग्लंडातही होता आणि आयर्लंडातही, हे त्यात वाचले म्हणजे आपल्या आजीची समजूत एकदम एकटी राहत नाही. हेच मसानी पुढे १९२२ साली मुंबईचे पहिले भारतीय म्युनिसिपल कमिशनर झाले. ज्यांच्यावर हुकूम बजावायचा त्यांचे मन जाणणारा माणूस हुकमाच्या खुर्चीवर बसला, असे प्रसंग इतिहासात थोडे.

या तंट्यातून तोड निघाली ती झाकणाची. जी विहीर धर्मकार्याला किंवा पिण्याला खरोखर लागते ती बुजवायची नाही, पण तिच्यावर बारीक तारेची जाळी बसवायची आणि पोहऱ्यापुरते एक दार ठेवायचे. पाणी काढताना दार उघडावे, काढून झाले की लावावे. देवाला आकाश दिसते आणि डासाला वाट मिळत नाही. मला या जाळीचे फार कौतुक वाटते. दोन्ही पक्षांना आपले म्हणणे राखल्याचे समाधान देणारी इतकी स्वस्त वस्तू कायद्याच्या इतिहासात विरळाच.

पण येथे डॉक्टरांचेच सारे खरे आणि लोकांचे सारे खोटे असा निकाल देऊन मी मोकळा होणार नाही. विहीर बुजली की ती पुन्हा उघडत नाही, आणि नळ बंद पडला तर चाळीतल्या बाईने घागर घेऊन जावे कुठे, हा प्रश्न काही भुताखेतांचा नव्हता. शिवाय डासही हार मानणारा नव्हता. नळाला ठरावीक वेळीच पाणी, म्हणून लोकांनी घरोघर टाक्या बांधल्या. विहिरीतून हुसकलेला डास तेथे सुखाने नांदू लागला. १९२८ साली गॉर्डन कॉवेल यांनी मुंबईच्या हिवतापाची पुन्हा पाहणी केली, तेव्हाही विहिरी आणि टाक्या यांच्याकडेच त्यांना बोट दाखवावे लागले. झाकण बसवणे सरकारच्या हाती होते. ते रोज लावणे घरातल्या माणसाच्या हाती होते.

झाकणाची गोष्ट निघाली म्हणून आणखी एका झाकणाची आठवण करून देतो. ते लाकडाचे नव्हते, डोळ्यांना दिसतही नव्हते. पण आपल्या गावोगावच्या पाणवठ्यांवर ते शतकानुशतके घट्ट बसले होते. गुरे ज्या तळ्यावर पाणी पीत, त्यावर अस्पृश्य म्हटलेल्या माणसाला ओंजळ भरता येत नव्हती. १९२३ साली रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात ठराव मांडून सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करवले. ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या हजारो अनुयायांसह महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि तेथले पाणी प्यायले. त्यानंतर सनातन्यांनी तळ्याची ‘शुद्धी’ केली. न्यायालयात तो तंटा १९३७ पर्यंत चालला आणि निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागला. एका काळातल्या या दोन गोष्टी मी शेजारी ठेवून पाहतो तेव्हा नवल वाटते. जेथे झाकण हवे होते तेथे लोक ते लावू देत नव्हते आणि जेथे नको होते तेथे काढू देत नव्हते.

मुंबईबाहेर खेड्यांत शत्रू वेगळा होता. बारवेच्या पायऱ्या उतरून माणसे थेट पाण्यात पाय बुडवीत आणि त्यातूनच नारूचा रोग पसरे. रोग्याच्या पायातून हातभर लांब सुतासारखा किडा निघे आणि ऐन सुगीत घरातला कर्ता माणूस खाटेला खिळे. नारूची पिल्ले पाण्यातल्या अतिसूक्ष्म जीवांत वाढतात आणि त्या पाण्याबरोबर पोटात जातात. त्यावर औषध नव्हते, लस नव्हती. १९८३-८४ पासून देशभर मोहीम चालली. पायऱ्यांच्या विहिरी बदलून कठड्याच्या केल्या, हातपंप बसवले, पाण्यात औषध टाकले आणि घरोघर सांगितले की पाणी दाट फडक्याने गाळून घ्या. भारतातला शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्ये राजस्थानात आढळला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त झाल्याचे मान्य केले. या विजयात सरकारी हुकमाचा वाटा आहेच. पण हंड्याच्या तोंडावर रोज न चुकता फडके बांधणाऱ्या गृहिणीचा वाटा त्याहून लहान नाही.

आता झाकणावरून तळाकडे वळू. विहिरीच्या मालकीची जुनी कल्पना सरळ होती. ज्याची जमीन त्याचे पाणी. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानेही जमिनीखाली झिरपणारे पाणी हवे तेवढे उपसण्याचा मालकाचा हक्क मान्य केला होता. मोट आणि रहाट होते तोवर त्याने कोणाचे फारसे बिघडले नाही, कारण बैलांची ताकद हीच उपशाची मर्यादा होती. विजेचा पंप आला आणि ती मर्यादा संपली. १९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्राचे डोळे उघडले. गावाच्या विहिरीशेजारी कोणी खोल विंधन विहीर घेतली की गावाचा आड कोरडा पडे. आणि आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? अखेर १९९३ साली महाराष्ट्राने खास पिण्याच्या पाण्यासाठी भूजलाचा कायदा केला. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीवाचून नवी विहीर घेऊ नये, असे त्याने सांगितले. त्याची जागा घेणारा २००९ चा व्यापक कायदा २०१४ साली अंमलात आला.

परंतु कायदा पुस्तकात असतो आणि विहीर शिवारात. रात्री यंत्र लावून सकाळपर्यंत विंधन विहीर पाडता येते, हे खेड्यातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. शुद्धीकरणाचेही तसेच. हजार लिटर पाण्याला अडीच ग्रॅम ब्लीचिंग पावडर, हे मोजमाप मोठे सोपे. चार मीटर व्यासाच्या विहिरीत पाच मीटर पाणी असले तर ते सुमारे ६३ हजार लिटर भरते आणि त्याला दीडशे-एकशे साठ ग्रॅम पावडर पुरते. म्हणजे फक्त चिवड्याच्या एका वाटीएवढी! सारा गाव पटकी-अतिसारापासून वाचवायला एवढी चिमूट लागते. ती वेळेवर पडली की नाही, हे पाहायला मात्र ग्रामपंचायतीचे डोळे उघडे हवेत आणि गावकऱ्यांचेही.

दोन-तीनशे वर्षांची ही हकीकत चाळताना मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. विहीर एकाची असते, पण तिच्यातून उडणारा डास कुंपण ओळखत नाही आणि तिच्या तळाशी वाहणारा झरा सातबारा वाचत नाही. म्हणून राज्यकर्त्याला विहिरीत डोकवावेच लागते. पण जेथे त्याने लोकांचे म्हणणे ऐकून घेतले तेथे साधी तारेची जाळी कामी आली, आणि जेथे नुसता कागद पाठवला तेथे कागदच राहिला. मोठमोठी धरणे बांधायला आपल्याजवळ विद्वान इंजिनियर आहेत. माजघरातल्या पिंपावरचे झाकण नीट बसले आहे की नाही, हे पाहायला मात्र बाहेरून कोणी येणार नाही. ते काम तुमचे-माझे आहे, सणाच्या दिवशीसुद्धा.