झुडुपी मिरी

काळ्या मिरीच्या वेलाच्या (पायपर नायग्रम, कुल पायपरेसी) फळफांदीपासून वाढवलेले सदाहरित, सुगंधी झुडूप. मूळ वेल सह्याद्रीतला. कोकणात आणि गोव्यात तो नारळ-पोफळीवर चढवतात. झुडुपी मिरी ही निराळी जात नव्हे. उभ्या फुटव्याची काडी लावली तर ती पेरापेरांना मुळे सोडत आधारावर चढते; आडव्या फळफांदीची लावली तर बुटकी राहून पसरते आणि पानांसमोर घोस धरते. मात्र ही फांदी मुळे धरायला हट्टी. पावसाळ्यात तीन ते पाच पेरांची काडी संजीवक लावून प्लॅस्टिकच्या बंद, दमट तंबूत ठेवावी लागते, तरी बऱ्याच काड्या दगावतात.

वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीत मिरी पाहुणीच. तिला १० ते ४० अंश तापमान आणि दमट हवा मानवते. इथे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि हवा कोरडीठाक असते. काळी माती पावसाळ्यात पाणी धरून बसते, म्हणून अंगणात खड्डा खणण्यापेक्षा कुंडी बरी. दोन भाग माती, एक भाग वाळू, एक भाग कुजलेले शेणखत हे मिश्रण चालते. जागा सकाळच्या कोवळ्या उन्हाची हवी. केरळातून १९७१ मध्ये आलेल्या ‘पन्नियूर-१’ या संकरित वाणाला दाट सावलीत घोस कमी लागतात. उन्हाळ्यात मात्र हिरवी नेट आणि सकाळ-संध्याकाळ पाण्याचा फवारा याला पर्याय नाही.

रोगाच्या बाबतीत इथल्या संत्रा बागायतदाराला नवे शिकावे लागत नाही. संत्र्याचा डिंक्या आणि मिरीची मूळकूज हे दोन्ही रोग फायटोफ्थोरा वंशाच्या बुरशीसदृश जीवांमुळे होतात. साचलेले पाणी टाळणे आणि बोर्डो मिश्रण वापरणे हे उपाय दोन्हीकडे चालतात.

खुंटाचा विचारही ओळखीचाच. डिंक्याला लवकर बळी पडणाऱ्या जंबेरीऐवजी रंगपूर लिंबाचा खुंट निवडतात, तशी मिरी पायपर कोलुब्रिनम या दक्षिण अमेरिकी नातलगावर बांधतात. हा खुंट मूळकुजीला दाद देत नाही, पण तो पाणथळ जागेचा. विदर्भाच्या उन्हात कुंडी एकदा कोरडी पडली की कलम हातचे जाते.

फुलोऱ्यापासून सहा ते आठ महिन्यांनी घोसातला एखादा दाणा लाल झाला की घोस तोडतात. हिरवे दाणे उन्हात वाळून काळे पडतात. पूर्ण पिकलेल्यांची साल काढली की पांढरी मिरी मिळते.