गोंदिया जिल्हा : नगरपरिषदांचे कर, खर्च व कर्मचारी-वेतन

गोंदिया जिल्ह्यातील नागरी स्वराज्य संस्थांचा कर किती असावा, तो कशावर खर्च व्हावा आणि त्यातून कर्मचाऱ्यांना काय मिळावे, यांविषयी दीर्घकाळ चालत आलेला सार्वजनिक वाद. जिल्ह्यात गोंदिया, तिरोडा व आमगाव या नगरपरिषदा असून गोरेगाव, देवरी, सालेकसा, सडक अर्जुनी व अर्जुनी मोरगाव येथे नगरपंचायती आहेत. यांपैकी गोंदिया (लोकसंख्या 2011 च्या जनगणनेनुसार 1,32,813) ही अ वर्ग नगरपरिषद आहे आणि वादाचे केंद्रही तीच आहे. हा वाद सहसा ‘करदाता विरुद्ध कर्मचारी’ असा मांडला जातो. करदाता म्हणतो, आमचा पैसा पगारातच जिरतो. कर्मचारी म्हणतो, वसुली नाही म्हणून पगार रखडतो. कागदपत्रे व कायदा पाहिला तर दोन्ही तक्रारींचा रोख चुकलेला दिसतो. गोंदियात गेल्या पाव शतकात कर आणि पगार यांचा थेट संबंध बराचसा तुटला आहे आणि भांडण मात्र तो शाबूत आहे असे धरून चालू आहे.

संबंध तुटला तो 1999 साली. त्याच वर्षी 1 मे रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि त्याच वर्षी राज्यातील नगरपरिषदांची जकात बंद झाली. जिल्हानिर्मितीचा सोहळा लोकांच्या लक्षात राहिला. जकात गेल्याचे मोल कळायला वेळ लागला. धानाच्या गिरण्या, तेंदूपाने व विडीचा व्यापार आणि हावडा-मुंबई मार्गावरील जंक्शन यांवर वाढलेल्या गावाला नाक्यावरची जकात हा स्वाभाविक आधार होता. व्यापार वाढला की उत्पन्न आपसूक वाढे. तिच्या जागी शासनाचे सहायक अनुदान आले आणि ते प्रामुख्याने वेतन व भत्त्यांसाठी आहे. हा अनुभव एकट्या महाराष्ट्राचा नाही. शेजारच्या मध्य प्रदेशाने चुंगी, म्हणजे जकात, 1976 मध्येच काढली आणि बालाघाटसारख्या सीमेपलीकडच्या नगरपालिकाही तेव्हापासून ‘चुंगी क्षतिपूर्ती’च्या (भरपाईच्या) हप्त्याकडे डोळे लावून असतात. गोंदियातही पगाराची तारीख नाक्यावरच्या भरण्यावरून ठरेनाशी झाली आणि मंत्रालयातून सुटणाऱ्या आदेशावरून ठरू लागली. वेतन थेट कोषागारातून द्यावे ही कर्मचारी संघटनांची जुनी मागणी यातूनच आली आहे.

पगाराचा आकडाही नगरपरिषद ठरवत नाही. सातवा वेतन आयोग नगरपरिषद व नगरपंचायत कर्मचाऱ्यांना लागू करण्याचा निर्णय राज्य शासनाने ऑगस्ट 2019 मध्ये घेतला. वेतननिश्चिती 1 जानेवारी 2016 पासून आणि प्रत्यक्ष लाभ 1 सप्टेंबर 2019 पासून, असे त्याचे स्वरूप होते. पदांचा आकृतिबंध शासन मंजूर करते. मुख्याधिकारी आणि राज्य संवर्गातील अभियंते, लेखापाल, कर निरीक्षक शासन पाठवते. तेव्हा ‘पगार जास्त’ हा आक्षेप खरा धरला तरी तो सभागृहात मांडून भागत नाही, कारण तो कमी करण्याचा अधिकारच सभागृहाला नाही. शिवाय आक्षेप घेणारा ज्या कर्मचाऱ्याला रोज पाहतो तो बहुधा आयोगाच्या पगाराचा धनी नसतो. सकाळी झाडू मारणारा, घंटागाडीवर चढलेला, नाली उपसणारा माणूस वाढत्या प्रमाणात कंत्राटदाराचा असतो. त्याची मजुरी अनुदानातून येत नाही. ती नगरपरिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातून किंवा घनकचऱ्याच्या निधीतून जाते, आणि किमान वेतनाची तक्रारही बहुतेक वेळा त्याचीच असते. पगारावर बोलताना या दोन वर्गांची सरमिसळ करणे हा या वादातला सर्वांत मोठा घोटाळा होय, आणि तो दोन्ही बाजूंनी होतो.

मग मालमत्ता कर जातो कुठे? मागणी बिल उघडून पाहिले तर काही उत्तर तिथेच मिळते. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, 1965 नुसार एकत्रित मालमत्ता कर आकारला जातो. त्याखाली वृक्ष उपकर, अग्निशमन कर, राज्य शिक्षण कर, बिगर-निवासी मालमत्तेवर रोजगार हमी उपकर अशा ओळी येतात. शिक्षण कर व रोजगार हमी उपकर नगरपरिषद वसूल करते आणि शासनाकडे भरते. नागरिक मात्र बेरीज पाहतो आणि सगळी रक्कम ‘पालिकेची’ समजतो. थकबाकीवर दरमहा 2 टक्के शास्ती चढते. म्हणजे चार-पाच वर्षांत शास्ती मुद्दलाला गाठते आणि मग भरण्याची इच्छाच मरते. ‘मार्चअखेर’च्या वसुली मोहिमेत इतर गावांत नळतोडणीचा धाक असतो. गोंदियात तो चालत नाही, कारण वैनगंगेवरील डांगोर्लीची पाणीपुरवठा योजना महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडे आहे. नळही त्यांचा आणि बिलही त्यांचे. नगरपरिषदेच्या हातात उरतात नोटिसा, गाळ्यांना सील आणि जप्तीचे वॉरंट.

उरलेल्या स्वउत्पन्नावर पथदिव्यांचे वीजबिल, डिझेल, किरकोळ दुरुस्ती, कंत्राटी सफाई आणि योजनांतील नगरपरिषदेचा हिस्सा यांचा भार पडतो. रस्ते, नाल्या व सौंदर्यीकरणाचा मोठा पैसा नगरोत्थान, वैशिष्ट्यपूर्ण कामे, दलितवस्ती सुधारणा अशा लेखाशीर्षांखाली वरून येतो आणि त्याच शीर्षात खर्ची पडावा लागतो. पंधराव्या वित्त आयोगाने 2021-26 साठी दहा लाखांखालील शहरांच्या अनुदानाचा 60 टक्के भाग पाणी व स्वच्छता यांसाठी बंधित ठेवला. अबंधित 40 टक्क्यांतूनही वेतन वा आस्थापना खर्चाला त्याने मज्जाव केला. म्हणून एखाद्या चौकात सुशोभीकरण उभे राहते आणि त्याच महिन्यात सफाई कामगार धरणे धरून बसतो, हे दृश्य चीड आणणारे असले तरी त्यात लेखाशास्त्रीय विसंगती नाही. एका खिशातला पैसा दुसऱ्यात घालायला परवानगीच नाही. त्यातून निष्काळजीपणा माफ होतो असे मात्र नाही. कोणते काम आधी मागायचे हे गावातच ठरते, आणि दुरुस्तीची तरतूद न करता नवे बांधकाम मागणे ही इथली जुनी खोड आहे.

यावर पहिला आक्षेप असा की पगार शासन देते, कामे शासन देते, तर कर वाढवायचाच कशाला? याचे उत्तर वित्त आयोगाच्या अटीतच आहे. मालमत्ता कराचा किमान दर अधिसूचित करणे व वसुलीत राज्याच्या स्थूल उत्पादनवाढीच्या बरोबरीने वाढ दाखवणे ही पंधराव्या आयोगाने शहरी अनुदानाची पूर्वअट केली. कर बुडाला तर अनुदानही धोक्यात येते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : करवाढ गरिबाच्या घरावर पडते. चतुर्थवार्षिक आकारणी वेळेवर न झाल्यास तो खरा ठरतो. अनेक वर्षांची वाढ एकदम अंगावर येते, हरकतींच्या सुनावण्यांना गर्दी होते, मोर्चे निघतात आणि पुढारी स्थगिती आणतात. पण स्थगितीने गरीब वाचतो हे खरे नाही. जुन्या आकारणीत वर्षानुवर्षे अडकलेले असते बाजारपेठेतले वाढीव बांधकाम, नोंद न झालेला मजला, घर म्हणून नोंदलेले दुकान. सर्वेक्षण थांबले की सवलत मिळते ती त्यांना. तिसरा मुद्दा रेल्वेचा. संविधानाच्या अनुच्छेद 285 मुळे केंद्राच्या मालमत्तेवर स्थानिक कर लागत नाही. मात्र राजकोट महानगरपालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये सेवांच्या वापरानुसार मालमत्ता कराच्या 75, 50 किंवा 33⅓ टक्के सेवाशुल्क देण्याची व्यवस्था मान्य केली. जंक्शनच्या गावाने या हक्कासाठी पाठपुरावा करणे हे घरपट्टीवर आणखी एक उपकर लावण्यापेक्षा न्याय्य आहे.

आमगावात वाद मुळापासूनच सुरू होतो. आसपासच्या ग्रामपंचायती एकत्र करून केलेल्या नगरपरिषदेला तेथील रहिवाशांनी विरोध केला. शेतीवर जगणाऱ्या गावावर शहराचा कर आणि हातून ग्रामीण योजना जाणार, अशी त्यांची भूमिका. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि कारभार वर्षानुवर्षे प्रशासकाकडे राहिला. हा विरोध करचुकवेपणाचा मानणे अन्यायाचे आहे. ज्या सभागृहात आपला माणूस नाही त्याने बसवलेली पट्टी कोणालाही जड वाटते.

गोंदिया शहराचीही काही वर्षे तशीच गेली. जानेवारी 2017 मध्ये निवडून आलेल्या परिषदेची मुदत 2022 च्या आरंभी संपली आणि पुढचे मतदान डिसेंबर 2025 मध्ये झाले. दरम्यान अंदाजपत्रके प्रशासकाच्या सहीने मंजूर झाली. निवडून आलेले सभागृह असते तर त्याने कर वाढवलाच नसता, असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे अनुभवाला धरून आहे. निवडणूक डोळ्यांपुढे ठेवून ‘करवाढ नसलेले शिलकी अंदाजपत्रक’ मांडण्याची प्रथा सर्वत्र आहे. परंतु सभागृहात निदान विषयपत्रिका निघते, विरोधक आकडे मागतात, ठरावाची प्रत मिळते. ते नसताना नागरिकाला भेटतो तो वसुली लिपिक आणि सफाई कामगार, आणि सगळा राग त्यांच्यावर निघतो.

रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या महापालिका वित्तविषयक अहवालानुसार भारतातील महापालिकांचे उत्पन्न व खर्च स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या 1 टक्क्याच्या आसपास थबकले आहेत; ब्राझीलमध्ये हे प्रमाण 7.4, तर दक्षिण आफ्रिकेत 6 टक्के आहे. अशा तोकड्या उत्पन्नावरच पगाराचा पुढचा भार येऊ शकतो : केंद्राने जानेवारी 2025 मध्ये आठव्या वेतन आयोगाला मान्यता दिली. राज्याने तो यथावकाश नगरपरिषदांना लागू केला आणि सहायक अनुदान त्या प्रमाणात वाढवले नाही, तर फरकाची रक्कम गोंदियाच्या घरपट्टीतूनच काढावी लागेल.